शिदोरी, शिधा आणि पंगत : प्रवासातील स्वयंपाकामागील गृहिणीचे ज्ञान
(करकंब परिसर व पंढरीची वारी यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

घराबाहेर पडलेल्या माणसाने काय खावे, ते कोणी व कसे शिजवावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या उत्तरांतून पाणी, उष्णता, वेळ व स्वच्छता यांविषयीचे एक सुसंगत ज्ञान निर्माण झाले आहे. प्रस्तुत लेखात शिदोरी, शिधा आणि पंगत या तीन संकल्पनांच्या आधारे हे ज्ञान उलगडून दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. सोलापूर जिल्ह्यातील कडक भाकरी व शेंगाचटणी, तसेच वारीतील दिंड्यांचा स्वयंपाक ही त्याची प्रमुख उदाहरणे होत.

बीजसंज्ञा : शिदोरी, शिधा, पंगत, कडक भाकरी, दशमी, दिंडी, अन्नसुरक्षा.

१. प्रस्तावना

मराठी समाजाच्या खाद्यजीवनाचा विचार करताना सणावारांचे पदार्थ, प्रादेशिक चवी आणि उपवासाचे नियम यांची चर्चा पुष्कळ होते. प्रवासातील अन्नाकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्याची खरी कसोटी प्रवासातच लागते. घरी चूल, पाणी, भांडी व साठवण हाताशी असते. वाटेवर यांपैकी एक ना एक गोष्ट नसतेच. जे नाही त्याची भरपाई ज्ञानाने करावी लागते. हे ज्ञान बहुतांशी घरातील स्त्रियांनी निर्माण केले, जपले व पुढे दिले. ते लिखित स्वरूपात अल्प आहे. सवयीच्या व हाताच्या स्वरूपात विपुल आहे. 'हाताला चव आहे' असे म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, परंतु त्यामागील कार्यकारणभाव विचारात घेत नाही. तो विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२. संज्ञांचे स्पष्टीकरण

प्रवासातील अन्नाचे तीन प्रकार मराठी भाषेनेच वेगळे करून ठेवले आहेत. 'शिदोरी' म्हणजे घरून शिजवून, बांधून नेलेले अन्न. 'शिधा' म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची अशी न शिजवलेली सामग्री. ती बरोबर नेली जाते किंवा वाटेत मिळते आणि मुक्कामावर शिजवली जाते. 'पंगत' म्हणजे वाटेवरच्या गावाने अथवा दात्याने वाढलेले किंवा समूहाने एकत्र शिजवून वाढलेले भोजन. शिदोरीत कस टिकाऊपणाचा लागतो, शिध्यात साधनांचा, तर पंगतीत प्रमाणाचा. खानावळ व हॉटेल हा चौथा प्रकार तुलनेने अलीकडचा असून तो प्रस्तुत विवेचनाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

३. करकंब परिसराची पार्श्वभूमी

करकंब हे पंढरपूर तालुक्यातील, टेंभुर्णी–पंढरपूर मार्गावरील मोठे गाव होय. संत सावता माळी यांचे अरण हे गाव येथून जवळच माढा तालुक्यात आहे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्या पश्चिमेकडून वाखरीमार्गे पंढरपुरात येतात. त्र्यंबकेश्वरहून येणारी संत निवृत्तिनाथांची आणि पैठणहून येणारी संत एकनाथांची पालखी मात्र उत्तरेकडून करकंबमार्गे पंढरपूरला जाते. त्यामुळे या परिसराला प्रवासातील अन्नाच्या दोन्ही बाजू परिचित आहेत : स्वतः शिदोरी बांधून निघणे आणि वाटेवरच्या पांथस्थास जेवू घालणे.

हा प्रदेश मुळात कमी पावसाचा व रब्बी ज्वारीचा. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच येथील शिदोरीचा पाया ज्वारीची भाकरी हाच राहिला.

४. शिदोरीचे शास्त्र : मोकळ्या पाण्याचा प्रश्न

अन्न का नासते? जिवाणू व बुरशी यांना वाढीसाठी अन्नातील पाणी लागते म्हणून. परंतु पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी 'मोकळे' आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. मीठ, साखर व गूळ पाण्याला आपल्याशी बांधून ठेवतात. असे बांधलेले पाणी सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही. अन्नशास्त्रात या मोकळेपणाचे माप शून्य ते एक या श्रेणीत दर्शवितात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले जाते. बहुतेक जिवाणूंची वाढ सुमारे ०.९१ च्या खाली थांबते, सर्वसामान्य बुरशींची सुमारे ०.८० च्या खाली, आणि ०.६० च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढू शकत नाही. शिदोरीतील प्रत्येक पदार्थ म्हणजे हे माप खाली आणण्याची एक युक्ती होय.

४.१ कडक भाकरी

ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे ग्लुटेन नसते. त्यामुळे कणीक ताणली जात नाही. म्हणून आधणाच्या पाण्यात पीठ भिजवितात. उष्णतेने पिठातील पिष्ट फुलते व चिकटपणा येतो. भाकरी थापून तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवितात. त्यामुळे पृष्ठभाग लगेच कोरडा पडून तडकत नाही, आतली वाफ कोंडते आणि भाकरी फुगते. येथपर्यंतची कृती नेहमीच्या भाकरीची आहे. कडक भाकरीसाठी ती अधिक पातळ थापतात आणि भाजून झाल्यावर चुलीच्या मंद आचेशेजारी उभी करून पूर्णपणे कोरडी होऊ देतात.

पातळ थापण्यामागे निश्चित कारण आहे. मध्यभागातील पाणी बाहेर पडण्यास लागणारा वेळ जाडीच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीपेक्षा बराच अधिक लागतो. मंद आचेचेही कारण आहे. आच प्रखर असल्यास बाहेरचा पापुद्रा आधी करपून घट्ट होतो व आतला ओलावा अडकतो. अशी भाकरी वाजविली असता कडक वाटते, पण काही दिवसांत आतून बुरसते. अनुभवी गृहिणी भाकरीला टिचकी मारून आवाजावरून ती 'झाली' की नाही हे ठरविते. हे आर्द्रतेचे परीक्षणच होय.

पाश्चात्त्य बेकरीतील टोस्ट याच तत्त्वावर आधारित आहे. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थच 'दोनदा भाजलेले' असा आहे. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांना दिली जाणारी कठीण बिस्किटे त्यातूनच आली. भट्टी नसलेल्या घरात, केवळ तवा व निखारे यांच्या साहाय्याने, तेच तत्त्व सोलापूर परिसरातील स्त्रियांनी सिद्ध केले. या दृष्टीने कडक भाकरीचा विचार बेकिंगच्या इतिहासात व्हावयास हवा.

बाजरीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असून त्यातील विकरांमुळे ते काही दिवसांतच कडवट होते. म्हणून ताजे दळून लगेच भाकरी भाजण्याचा प्रघात आहे. भाजताना उष्णतेने ही विकरे निष्क्रिय होतात. म्हणजे पीठ साठविण्यापेक्षा भाकरी करून साठविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

४.२ शेंगाचटणी

भाकरीसोबत कोरड्यास काय, या प्रश्नाचे सोलापूरचे उत्तर म्हणजे शेंगाचटणी. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ व जिरे उखळात कुटून ती करतात. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते. कुटताना ते सुटते व चटणीस ओलसर लकाकी येते. हा ओलावा तेलाचा असतो, पाण्याचा नव्हे. म्हणूनच चटणी कोरड्या भाकरीसोबत घशाखाली उतरते आणि तरीही टिकते. यात पाणी आणणारा घटक एकटा लसूण. तोही मर्यादित असतो. या चटणीला धोका बुरशीपेक्षा खवटपणाचा अधिक असतो, कारण हवा, ऊन व उष्णता यांनी तेल बिघडते. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवावयाची असते.

४.३ पोळ्यांचे तारतम्य

पुरणपोळी व गुळाची पोळी यांत दोहोंतही गूळ असतो. तरीही लांबच्या प्रवासाला गुळाची पोळी देतात, पुरणाची देत नाहीत. पुरण हे शिजवलेल्या डाळीचे असल्याने त्यात पाणी बरेच राहते. उन्हाळ्यात ते एक-दोन दिवसांपलीकडे विश्वासार्ह नसते. गुळाच्या पोळीचे सारण भाजलेले तीळ, भाजलेले बेसन व गूळ यांचे, म्हणजे मुळातच कोरडे असते. गोडवा समान असूनही टिकाऊपणा भिन्न का, हे मोकळ्या पाण्याच्या कल्पनेने स्पष्ट होते.

४.४ दशमी

दशमीत पीठ पाण्याऐवजी दुधात, पुष्कळदा गूळ घालून, भिजवितात. दुधातील स्निग्धांशामुळे ती मऊ राहते आणि गूळ ओलावा धरून ठेवतो. सोवळ्याच्या जुन्या नियमांत दुधात भिजवलेले अन्न पाण्यात शिजवलेल्या अन्नापेक्षा वेगळे गणले जाई, त्यामुळे प्रवासात दशमी चालत असे. लहान मुले व दात नसलेले वृद्ध यांची सोयही तीत होती. तथापि दशमी दोन-तीन दिवसांचीच. आठवड्याच्या प्रवासाला कडक भाकरीच हवी. कोण प्रवास करणार व किती दिवस, यावरून पदार्थ ठरविणे हा या नियोजनाचा गाभा होय.

५. बांधणीचे महत्त्व

शिदोरी बिघडते ती पुष्कळदा शिजविण्यात नव्हे, तर बांधण्यात. गरम भाकरी लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली तर तिच्यातून निघणारी वाफ आतच थिजते, पाण्याचे थेंब भाकरीवर पडतात आणि तेथूनच बुरशी सुरू होते. पूर्वी भाकऱ्या दुरडीत पसरून पूर्ण निवू देत व मग सुती फडक्यात बांधत. फडके वाफ बाहेर जाऊ देते व धूळ अडविते. पूर्ण वाळलेल्या कडक भाकरीची गोष्ट मात्र उलट आहे. ती हवेतील ओलावा शोषून नरम पडते, म्हणून पावसाळ्यात तिला घट्ट झाकणाचा डबाच योग्य. ओल्यासाठी फडके आणि कोरड्यासाठी डबा, हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६. शिधा : साधनांवाचून स्वयंपाक

मुक्कामावर शिजवावयाचे असेल तर भांडी जितकी कमी, तितके ओझे कमी. या अडचणीतून उघड्यावरच्या भाजणीचे प्रकार आले. मराठवाडा-विदर्भातील रोडगे हे त्याचे उत्तम उदाहरण. गव्हाच्या घट्ट कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात. तवा लागत नाही, पोळपाट लागत नाही. बाहेरचे कवच राखेपासून आतील भागाचे रक्षण करते आणि आतला भाग स्वतःच्या वाफेवर शिजतो. ही भट्टीविना केलेली पावाचीच भाजणी होय.

शिध्यातील दुसरा आधार म्हणजे बेसन. तूरडाळ शिजण्यास वेळ, पाणी व इंधन तिन्ही भरपूर लागते. बेसन मात्र दळलेले असल्याने उकळत्या फोडणीच्या पाण्यात काही मिनिटांत शिजते. पिठले हे घाईच्या व गरिबीच्या स्वयंपाकाचे प्रतीक मानले जाते. प्रत्यक्षात ते इंधनाची मोठी बचत करणारे अन्न आहे. तुकाराम महाराजांच्या पालखीला यवत येथे गावाकडून मिळणारे पिठले-भाकरीचे जेवण प्रसिद्ध आहे. इतक्या मोठ्या समुदायासाठी पिठल्याची निवड किती व्यवहार्य आहे, हे यावरून ध्यानात येईल. मात्र पिठल्यात पाणी भरपूर असल्याने ते त्याच वेळी संपवावयाचे असते. ते शिदोरीत बांधू नये.

७. पंगत : प्रमाणाचा प्रश्न

घरच्या चार माणसांचे प्रमाण चाळीसपट केले की दिंडीचा स्वयंपाक होतो, अशी समजूत असल्यास ती योग्य नव्हे. एक साधा हिशेब पाहू. दिंडीत दीडशे वारकरी आहेत व प्रत्येकास तीन भाकऱ्या हव्यात असे मानल्यास ४५० भाकऱ्या होतात. एका तव्यावर एका भाकरीस दोन मिनिटे धरली तरी ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास लागतील. पाच तवे एकाच वेळी चालविले तर ३ तास. म्हणजे पाच थापणारे कुशल हात पहाटे अथवा सायंकाळी सलग तीन तास गुंतले. याउलट माणशी १०० ग्रॅम प्रमाणे १५ किलो तांदूळ मोठ्या पातेल्यांत तासाभरात शिजतो व दोघे-तिघे ते सांभाळू शकतात. भाकरी खाणाऱ्या प्रदेशातील दिंडीच्या पंगतीतही भाताला मोठे स्थान का, याचे उत्तर या हिशेबात आहे. चवीपेक्षा हातांची संख्या येथे निर्णायक ठरते.

तथापि भात सोयीचा असला तरी धोक्याचाही आहे. तांदळातील एका विशिष्ट जिवाणूचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत. शिजवलेला भात ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात तासन्‌तास राहिला तर ते वाढून विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. मोठ्या पातेल्यातील भात मध्यभागी फार सावकाश निवतो, त्यामुळे घरापेक्षा दिंडीत हा धोका अधिक. सकाळी उरलेला भात रात्री फोडणी देऊन वाढणे घरी चालून गेले, तरी पंगतीत ते टाळणे इष्ट. शिजवावे ते ताजे, वाढावे ते गरम, उरलेले पुढच्या मुक्कामाला नेऊ नये. नियम जुनाच आहे, परंतु त्याचे कारण कळले तर तो पाळला जाण्याची शक्यता वाढते. पाण्याबाबतही हेच म्हणता येईल. आषाढी वारी पावसाळ्यात येते आणि वाटेवरचे पाणी याच काळात दूषित होण्याचा संभव सर्वाधिक असतो.

८. श्रम आणि भेद

प्रवासातील अन्नाचा विचार केवळ शास्त्रीय अंगाने केल्यास तो अपुरा ठरेल. शिदोरी ज्याच्या खांद्यावर असते त्याचा प्रवास इतिहासात नोंदला जातो. ती बांधणाऱ्या स्त्रीचे पहाटेचे काम नोंदले जात नाही. वारीने स्त्रियांना घराबाहेर पडण्याची एक समाजमान्य वाट दिली, हे खरे. परंतु भाकऱ्या थापण्याचे काम वाटेवरही पुष्कळदा त्यांच्याकडेच येते. घर सुटते, चूल सुटत नाही. वर काढलेला तीन तासांचा हिशेब हा दिवसभर चालून आलेल्या हातांचा हिशेब असू शकतो, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

दुसरा मुद्दा भेदाचा. कोणाच्या हातचे खावे व कोणाच्या पंक्तीला बसावे, हे नियम प्रवासात सर्वाधिक जाचक ठरत. सोवळे पाळणाऱ्याला स्वतः शिजवून खाण्याचा त्रास होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या पांथस्थाला तर पाणीदेखील मागून, वरून ओतून घ्यावे लागे. इंग्रजी अमदानीत रेल्वे स्थानकांवर हिंदू व मुसलमान यांच्यासाठी पाणी वेगळे असे. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. या पार्श्वभूमीवर आषाढी पौर्णिमेस गोपाळपूर येथे होणाऱ्या काल्याचा अर्थ पाहावा. कृष्णाच्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाल्ल्या, या कथेचे ते स्मरण आहे. एकत्र कालवलेल्या अन्नात कोणाचा घास कोणाच्या घरचा, हे ओळखता येत नाही. वारकरी परंपरेने समतेचा विचार शिदोरीच्या भाषेत मांडला, आणि प्रत्यक्ष व्यवहाराला तेथवर पोहोचण्यास शतके लागली.

९. बदलते स्वरूप

प्रवासाचा काळ बदलला की शिदोरी बदलते. बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी–बार्शी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९०६ मध्ये अडीच फुटी रुंदीची ही गाडी पंढरपुरास पोहोचली. दिवसांचा प्रवास तासांवर आला. आठवडाभर टिकणाऱ्या भाकरीची निकड यात्रेकरूंपुरती कमी झाली. पुढे १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने भीमाकाठचे पीकपाणी बदलले. जेथे ज्वारी होती तेथे ऊस व फळबागा आल्या आणि रोजच्या ताटात गहू व तांदूळ यांचा वाटा वाढला.

अलीकडच्या काळात कडक भाकरी व शेंगाचटणी ही बांधीव पाकिटांतून शहरांत, परदेशांतही जाऊ लागली आहेत. महिला बचत गटांना त्यातून उत्पन्नाचे साधन मिळाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्याने ज्वारी-बाजरीकडे लक्षही वेधले गेले. ही स्वागतार्ह बाब होय. मात्र पाकीट विकत मिळू लागले की टिचकीच्या आवाजावरून भाकरी ओळखणारा कान पुढच्या पिढीत तयार होण्याचे कारण उरत नाही. पदार्थ टिकतो आणि ज्ञान जाते, अशी ही विचित्र स्थिती आहे.

१०. समारोप

प्रवासातील स्वयंपाक म्हणजे उपलब्ध साधने, प्रवासाचे दिवस, खाणाऱ्यांची संख्या व ऋतू यांचा मेळ घालणारे निर्णयशास्त्र आहे, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मधील 'रुचिरा'ने घरातील वाटी-चमच्याच्या मापांनी पाककृती सांगून गृहिणींच्या ज्ञानाला लिखित शिस्त दिली. शिदोरीच्या ज्ञानाची अशी नोंद अद्याप व्हावयाची आहे. कृतीबरोबर 'का' व 'किती दिवस' हेही त्या नोंदीत यावयास हवे.

हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना भाकरीतील आर्द्रता मोजता येईल. मराठी विभागास दशमी, शिधा, कोरड्यास, कालवण या शब्दांचे स्थानिक अर्थ नोंदविता येतील. समाजशास्त्र विभागास दिंडीतील श्रमविभागणी अभ्यासता येईल. आपल्या वर्गातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी या विषयातील एक तरी जाणकार आजी अथवा आई आहे. तिला माहितीदाता म्हणून नव्हे, तर या ज्ञानाची धनी म्हणून प्रश्न विचारले जावेत आणि नोंदीवर तिचे नाव तिच्या संमतीने यावे. करकंबसारख्या वारीच्या वाटेवरील गावात या कामास प्रारंभ करण्यासाठी आषाढाच्या आधीचा महिना सर्वांत योग्य. कारण तेव्हा घरोघरी पीठ दळले जात असते आणि पालख्या यावयाच्या असतात.